पागडीच्या खोलीत गॉथिक कथा जमेल का?

गिरगाव_नाका:
दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली आहे. गिरगावातली जुनी इमारत, पागडीची (घरमालकाला ठोक रक्कम देऊन भाड्याने घेतलेली) खोली, वरच्या मजल्यावर कायम बंद असलेलं दार. संपादकबाई म्हणतात, ही भयकथा आहे, गॉथिक नाही. फरक नेमका कुठे पडतो? गढी, तळघर, वादळी रात्र नसली तर गॉथिक होतच नाही का? सीएसएमटीच्या इमारतीलाही गॉथिक म्हणतात, त्याचा या कथांशी संबंध काय? आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

जुनीवही:
वादळ-तळघर हे नेपथ्य. मूळ भानगड मालकीची. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' (१७६४) घ्या. ऐन लग्नाच्या दिवशी मुलगा राक्षसी शिरस्त्राणाखाली चिरडला जातो, तेवढंच लोकांना आठवतं. पण बाप मॅनफ्रेड ज्या गढीत राज्य करतोय, ती त्याच्या आजोबाने खऱ्या धन्याला विष घालून बळकावलेली. आणि भाकीत असं की, खरा मालक गढीत मावेनासा झाला की ती या घराण्याच्या हातून जाणार! वंश बुडू नये म्हणून मॅनफ्रेड मेलेल्या मुलाच्या नियोजित वधूशीच लग्न करायला निघतो. मला विचाराल तर शिरस्त्राणापेक्षा हे भयंकर आहे.

तुमच्याकडे तर आयतं घबाड आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला की राहत्या खोलीचा हक्क आधी जातो, तो मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. म्हणजे 'त्या दिवशी या खोलीत कोण राहत होतं?' हा सरळ कोर्टातला प्रश्न. रेशनकार्डावर एक नाव जास्त निघालं तर? वारलेल्या माणसाच्या नावाने भाडेपावती निघत राहणं मुंबईत कुणाला नवलाचं वाटत नाही. कथा तिथून उचला, दार नंतर.

पडद्याआड:
दाराबद्दल. अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'उडोल्फो'त (१७९४) नायिका काळा पडदा सारते, पाहते आणि बेशुद्ध पडते. काय पाहिलं ते वाचकाला कळतं थेट शेवटाकडे: किडे पडलेल्या प्रेताचा मेणाचा पुतळा. चार खंडांत एवढं ताणल्यावर वाचक चिडणारच. गंमत म्हणजे 'जुनीवही' म्हणतात ते तिथेही आहे. वंशजांनी पुतळा जपायचा, नाहीतर इस्टेटीचा काही हिस्सा चर्चला जाणार, अशी मृत्युपत्रातच अट!

तीन हजार शब्दांच्या कथेत दार निम्म्याच्या आत उघडा. आत काय आहे ते पात्राला कळू दे, वाचकाला अर्धवट. शेवटच्या परिच्छेदात उघडलात तर आत काहीही ठेवा, फुसकंच वाटणार. आणि रक्त जपून. रॅडक्लिफचंच म्हणणं होतं की, दहशतीने मन जागं होतं, किळसवाण्या भयाने गोठतं. मॅथ्यू लुइसने 'द मंक'मध्ये (१७९६) नेमका उलटा रस्ता धरला, तोही वाचून बघा.

कमानवाला:
सीएसएमटीचा या कथांशी संबंध आहे, पण लांबचा. वॉलपोलने आधी ट्विकनहॅमचं आपलं घर मध्ययुगीन थाटाचं करून घेतलं, आतलं एक कमानदार छत तर चक्क कागदाच्या लगद्याचं. अशा हौसेतून पुढे गॉथिक पुनरुज्जीवनाची शैली फोफावली. १८६०च्या दशकात मुंबईच्या फोर्टची तटबंदी पडली आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या आसपास त्या शैलीत हायकोर्ट, राजाबाई टॉवर उभे राहिले. टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून केला. वास्तुविशारद स्टीव्हन्सने उभारलेलं सीएसएमटी स्टेशन १८७८ ते १८८८ या काळातलं. म्हणजे हे भग्नावशेष नव्हेत, कचेऱ्यांसाठी बांधलेल्या नव्याकोऱ्या इमारती. भुतासाठी सीएसएमटी निवडू नका, तिथे त्याला उभं राहायला जागा मिळायची नाही.

कंदील_वात:
सगळंच मालकीत कोंबू नका हो. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये (१८१८) कुठे वडिलोपार्जित गढी आहे? इंगोलश्टाटमधली विद्यार्थ्याची वरच्या मजल्यावरची खोली, बस्स. तिथे भूतकाळ नाही, स्वतःच केलेलं कृत्य पाठीस लागतं. गिरगावच्या खोलीला हे जास्त जवळचं.

वाचनक्रम: आधी 'ओट्रांटो', छोटी आहे. मग ले फानूची 'कार्मिला' (१८७२), मग 'ड्रॅक्युला' (१८९७). 'उडोल्फो' सवडीने. मराठीतला धागा हवा असेल तर इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स बघा. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' त्याच्याच कादंबरीवरून घेतलेली, आणि या रेनॉल्ड्सने माणसाचा लांडगा होण्याचीही कादंबरी लिहिली होती.

गिरगाव_नाका:
पावतीची कल्पना घेतोय. सगळी कथा कागदपत्रांतूनच सांगितली तर?

जुनीवही:
'ड्रॅक्युला' तशीच आहे: लघुलिपीतली डायरी, तारा, फोनोग्राफवरची टिपणं, जहाजाची नोंदवही. दोन पथ्यं पाळा. प्रत्येक कागद लिहिणाऱ्याला पुढचं काही ठाऊक नसावं, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी हवी. सोसायटीची नोटीस मात्र घालू नका, पागडीच्या इमारतीला सहसा सोसायटी नसते. नोटीस येईल घरमालकाची, किंवा इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची.