घर नाकारल्याच्या तक्रारी नोंदवणाऱ्या कार्यकर्त्यांना काय शिकवावे?

प्रश्न : वेशीजवळची, सोलापूर

नमस्कार. जात, धर्म, आजारपण किंवा एकटे राहणे या कारणांवरून ज्यांना भाड्याने घर नाकारले जाते, त्यांच्या तक्रारी आमची लहानशी संस्था नोंदवून घेते. आम्ही आठ जण हे काम करतो, पण कोणीही त्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. गेल्या महिन्यात एका खासगी रुग्णालयातील परिचारिका आल्या होत्या. होटगी रोडवरची खोली त्यांना फोनवर मिळाली होती, अनामत रक्कमही ठरली होती. मात्र करारासाठी आधार कार्ड पुढे करताच मालकीणबाईंनी आडनाव वाचले आणि ‘खोली पुतण्याला द्यायची ठरली आहे’ असे सांगितले. आमच्या कार्यकर्त्याने नोंदवहीत एवढेच लिहिले : ‘मालकीण जातीयवादी आहे.’ तारीख नाही, ठरलेले भाडे नाही, आणि खोली खरोखर पुतण्याला दिली का, हे पाहायलाही कोणी गेले नाही. त्यांची तक्रार आमच्याच हातून कच्ची राहिली, याची मला फार बोच लागली आहे. अमेरिकेत या कामातील कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण असते, असे वाचले. त्यातले आपल्याकडे काय उपयोगी पडेल? सुरुवात कायद्यापासून करावी की चौकशीच्या पद्धतीपासून?

प्रतिसाद १ : दूरदेशीचा सोलापूरकर

माझ्या मते चौकशीच्या पद्धतीपासून. येथे अमेरिकेत काही वर्षे मी अशा चौकशांमध्ये दुभाषाचे काम केले आहे. अमेरिकेचा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट हा घर देण्यातील भेदभावाला मनाई करणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात झाला. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश या कारणांवरून भेदभाव करण्यास त्यात प्रथम मनाई झाली. १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व व घरात लहान मुले असणे यांची भर पडली. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते आणि शक्यतो शंभर दिवसांत चौकशी पुरी व्हावी, असे कायदाच सांगतो. राज्यांच्या व शहरांच्या तपासनिसांना शिकवण्यासाठी २००४ मध्ये राष्ट्रीय अकादमीही सुरू झाली.

या प्रशिक्षणाचा कणा म्हणजे तुलना. मालकाच्या मनात काय होते, हे तपासनिसाने ठरवायचे नसते. त्याच मालकाने त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या माणसाला काय सांगितले, किती भाडे मागितले आणि घर अखेर कोणाला दिले, हे जाहिराती, अर्ज, भाडेकरूंची यादी आणि साक्षीदार यांच्या आधारे मांडायचे असते. त्यासाठी जोडीने चाचणीही घेतात. मिळकत आणि कुटुंब सारखेच सांगणारी, फक्त एका बाबतीत वेगळी असलेली दोन माणसे स्वतंत्रपणे त्याच घरी जातात आणि एकमेकांशी न बोलता, निष्कर्ष न काढता, आपापला अनुभव लगेच लिहून काढतात. तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हे पुष्कळदा त्यांना सांगितलेलेही नसते. अशा चाचणीकर्त्यांना दावा लावता येतो, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केले. आपल्या नोंदवहीतील ते वाक्य तपासनिसाचे मत आहे. ‘आधार कार्ड वाचले आणि मग नकार दिला’ हा पुरावा आहे.

प्रतिसाद २ : निवृत्त सहकार कर्मचारी

वरील मताशी मी सहमत आहे, पण कायद्याला निदान एक पूर्ण दिवस द्यावा, कारण आपल्याकडे अमेरिकेसारखा एकच कायदा नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ पारशांना सभासद करून घेणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेचा पोटनियम वैध ठरवला. याउलट एचआयव्हीबाधितांसाठीचा २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठीचा २०१९ चा, या दोन्ही कायद्यांत घर भाड्याने घेण्यातील भेदभावाला स्पष्ट मनाई आहे. म्हणजे नकाराचे कारण नेमके नोंदवले नाही, तर कोणता कायदा लागू होतो, हेच कळणार नाही. राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा पुष्कळ जण येथे पुढे करतात. तो जातपंचायतीने किंवा समाजाने आपल्याच माणसावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एखादा वकील मागून पाहा. महिलांना मिळकतीची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, त्यामुळे त्या परिचारिकाही त्यास पात्र आहेत.

प्रतिसाद ३ : अक्कलकोट रोडची शिक्षिका

भाषेचा विचार केल्याशिवाय सोलापुरात हे प्रशिक्षण पुरे होणार नाही. माझ्या शेजारच्या विडी कामगार बाईंना घरमालकाने तेलुगूतून जातीवरून टोचून विचारले होते आणि मराठीत लिहिणाऱ्याने ‘मालकाने चौकशी केली’ असे नोंदवले. अपमान नोंदीतून नाहीसाच झाला. ज्या भाषेत बोलणे झाले, त्याच भाषेतील वाक्य आधी जसेच्या तसे देवनागरीत उतरवून घ्यावे आणि अर्थ त्याखाली लिहावा. तेलुगू, कन्नड आणि उर्दू जाणणारा प्रत्येकी एक जण तरी आपल्या आठांत असावा. जोडीने चाचणी घेण्याची पद्धत आपल्या देशाला अगदीच नवी नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात दलित व मुस्लिम भाडेकरूंबाबत तसा अभ्यास करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र नवख्या कार्यकर्त्यांना लगेच चाचणीला पाठवू नये, असे मला कळकळीने वाटते.

वेशीजवळची, सोलापूर

आपणा तिघांचे मनापासून आभार. पहिले दोन रविवार केवळ मुलाखत आणि नोंद यांसाठी ठेवत आहोत, तिसरा वकिलांसाठी. चाचणीचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. त्या परिचारिकाताईंशी आत्ताच फोनवर बोलले. त्या दिवसाच्या कॉलची नोंद आणि भाडे ठरल्याचा संदेश त्यांच्या मोबाइलमध्ये अजून आहे, आणि तक्रार पुन्हा नोंदवण्यास त्यांची तयारी आहे. उद्या सकाळी त्यांची पाळी सुटली की मी नवी नोंदवही घेऊन त्यांच्याकडे जात आहे.