पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवताना

पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की सगळी चर्चा पॅकर्सच्या कोटेशनवर चालते, पण बेंगळुरूत खरा खड्डा पडतो तो डिपॉझिटचा. तिथे घरमालक पाच-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात, पूर्वी तर सर्रास दहा महिन्यांचं घ्यायचे. पुण्याचं डिपॉझिट घर सोडल्यावरच परत मिळणार, म्हणजे मधल्या काळात दोन्हीकडे पैसे अडकलेले. बजेटची सुरुवात तिथून करा.

गाडीचा विचार आत्ताच करा. एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कायद्याने तिथे नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) हवी, तिथे रोड टॅक्स भरायचा आणि इथल्या उरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करायचा. गाडी जुनी असेल तर मी म्हणेन, पुण्यातच विकून टाका.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे ना? मग मागच्या बाजूला लावायचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम घट्ट धरून ठेवणारे बोल्ट, शोधून ठेवा. ते न लावता मशीन ट्रकमध्ये चढवलं तर आठशे किलोमीटर ड्रम आत आदळत राहतो. पॅकर्सची माणसं हे स्वतःहून विचारतीलच असं नाही. सामानाच्या यादीवर सही करण्याआधी प्रत्येक वस्तूपुढचा शेरा वाचा. चांगल्या टीव्हीपुढे ‘स्क्रॅच’ लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे खोडायला लावा, नाहीतर विम्याचा दावा अडतो.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्या, नव्या कनेक्शनला तेच लागतं.