मदत हवी आहे: .२२ मॅग्नम पिस्तुलात काडतूस अडकतंय

नमस्कार मंडळी,
परवा .२२ मॅग्नमचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल पहिल्यांदाच रेंजवर चालवलं आणि खरं सांगतो, फार आवडलं. हाताला धक्का जेमतेम, पण आवाज दणदणीत आणि नळीच्या तोंडाशी हा एवढा जाळ! १९५९ साली आलेल्या या काडतुसाची दारू बहुतेक वेळा रायफलच्या लांब नळीच्या हिशेबाने भरलेली असते, आखूड नळीत ती पुरती जळत नाही. वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं.

अडचण वेगळीच आहे. शंभरेक राउंडमध्ये सात वेळा अडकलं. दोनदा पुंगळी नीट बाहेर पडली नाही, ते सोडा. बाकी पाचही वेळा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) अर्ध्यावर थांबलेली आणि काडतुसाचं नाक खाली झुकलेलं. नळी सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) काढलं, तर वरच्या काडतुसाची कड, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली किनार, खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली होती. पितळेवर नखाला लागेल असा ओरखडाही दिसला.

म्हणजे दोष माझ्या भरण्यातच असावा, असं वाटतंय. पण मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच राहील, याची खात्री तुम्ही कशी करता? ४० ग्रेन वजनाच्या गोळीत पूर्ण जॅकेटवाली (धातूचं आवरण असलेली) घेतल्याने फरक पडतो का? आणि नवीन मॅगझिनची स्प्रिंग रुळायला साधारण किती राउंड द्यावेत? ज्यांनी हे पिस्तूल नियमित वापरलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.