मदत हवी आहे : राज्य नसलेल्या संस्थेकडे राजदूत नेमतात तो कसा?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी युरोपीय कोळसा व पोलाद समुदायावर (सहा देशांनी आपले कोळसा-पोलाद उद्योग एका सामाईक यंत्रणेखाली आणणारी संस्था) वाचते आहे. त्याच्या उच्च प्राधिकरणाने, म्हणजे कार्यकारी मंडळाने, ऑगस्ट १९५२ मध्ये लक्झेंबर्गला, झाँ मोने यांच्या अध्यक्षतेखाली काम सुरू केले. ब्रिटन सदस्य झाले नाही, तरी त्याच वर्षी सेसिल वीअर यांचे शिष्टमंडळ तिथे नेमले. अमेरिकेने १९५३ मध्ये डेव्हिड ब्रूस यांना प्रतिनिधी केले.

माझे अडले आहे ते अधिकारपत्रांपाशी, म्हणजे नवा राजदूत यजमान राष्ट्रप्रमुखाला आपल्या नेमणुकीचे जे पत्र देतो त्यापाशी. समुदायाला ना राजा, ना राष्ट्राध्यक्ष. मग ती स्वीकारायची कुणी? पुढे युरोपीय आर्थिक समुदायात (त्याच सहा देशांची नंतरची संस्था) आयोगाचे, म्हणजे तिच्या कार्यकारी मंडळाचे, अध्यक्ष हॉलस्टाइन ती राष्ट्रप्रमुखाच्या थाटात स्वीकारत, म्हणून फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल संतापले. जानेवारी १९६६ च्या लक्झेंबर्ग वाटाघाटींत आयोगाबरोबर सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेलाही ती स्वीकारण्यात स्थान द्यायचे ठरले. सार्वभौमत्वाचा खरा झगडा मला इथेच दिसतो, करारांच्या कलमांत तितका नाही.

पण १९५२ च्या त्या पहिल्या प्रतिनिधींचा दर्जा, त्यांची राजनैतिक संरक्षणे, यजमान लक्झेंबर्गशी त्यांचे नाते, हे नीट कुठे वाचायला मिळेल? भारतानेही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आर्थिक समुदायाशी राजनैतिक संबंध जोडले. तेव्हाची कार्यपद्धती ठाऊक असलेले, परराष्ट्र सेवेतले कुणी इथे असतील तर कृपया लिहा. फ्रेंच कागदपत्रेही चालतील, वाचता येतात.