सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजेच बरोबर रस्ता? मला नाही पटत

पायवाट:
समजा जंगलातनं धोक्यात आलेले दहा प्राणी दहा ठिकाणांहून पकडून प्रजनन केंद्रात आणायचेत, तर लोक नकाशावर ठिपके मारतात, सगळ्यात छोटी फेरी काढतात, झालं. अरे पण पहिल्याच ठिकाणी उचललेला प्राणी अख्खी फेरी पिंजऱ्यात गचके खात बसतो त्याचं काय? त्यापेक्षा रिकाम्या गाडीने टोकाला जा आणि येताना एकेक उचला, किलोमीटर तेवढेच.

गणितकिडा:
तेवढेच कसे? जायची यायची वाट एकच असेल तर तेवढेच, गोल फेरी असेल तर तुझं अंतर वाढणारच. आणि दहा ठिकाणांचे क्रम होतात 36,28,800, त्यातला चांगला कंप्युटर काढून देतो तर अंदाजाने कशाला फिरायचं.

चष्मेवाली:
कंप्युटरला अंतर कमी कर म्हटलं तर तो अंतरच कमी करणार ना, पिंजऱ्यातला वेळ कमी कर म्हणून सांगा की. कॅप्चर मायोपॅथी नावाची भानगड असते, पळापळ आणि भीतीने स्नायू खराब होतात, त्यातलं द्रव्य किडनीवर जातं, हरीण पकडताना ठणठणीत दिसतं आणि दोन-चार दिवसांनी मरतं. पण पायवाट, तुझंही चुकतंय. जाताना सापळे लावलेस आणि जवळच्या सापळ्यात प्राणी सकाळीच अडकला, तर तू परत येईपर्यंत तो तिथेच धडपडणार. पिंजरा काय नि सापळा काय!

पायवाट:
हे डोक्यातच नाही आलं. बेशुद्धीचा डार्ट मारून पकडायचं असेल तरच माझं चालेल मग.

आडमुठा:
रस्त्यावर कसले भांडताय, पकडायचंच कशाला? 1984 ते 1996 मध्ये 40 सुमात्रन गेंडे पकडले, बहुतेक पिल्लं न देताच मेले.

गणितकिडा:
आणि कॅलिफोर्निया कॉन्डॉर? 1987 मध्ये जगात 27 उरले होते, सगळे पकडून ठेवले, 1992 पासून परत सोडायला लागले, आता 500च्या वर आहेत.

आडमुठा:
तो पक्षी आहे रे, प्राणीसंग्रहालयात अंडी उबवता येतात. सुमात्रन गेंड्याचं पिंजऱ्यात पिल्लू 2001 ला झालं, ते पण त्याआधीच्या पिल्लानंतर शंभरहून जास्त वर्षांनी.

चष्मेवाली:
झालं ना पण! आणि ते गेंडे मेले ते बरेचसे केंद्रात गेल्यावर, रस्त्यात नाही, त्यामुळे हे उदाहरण या वादात बसतच नाही. गणितकिडा, एका गाडीऐवजी दोन गाड्या धरल्या तर किती फरक पडेल ते काढून दाखव आधी.