‘लिंकेज ड्रॅग’ला ‘ओढ’ म्हणावे का?

प्रश्न: भाताच्या पैदाशीवरच्या एका मजकुरात ‘लिंकेज ड्रॅग’साठी, म्हणजे हव्या जनुकासोबत शेजारची नको ती जनुकेही येण्यासाठी, ‘सहलग्न ओढ’ असे वाचले. शेतकऱ्यांसमोर बोलताना कोणता शब्द वापरावा?

उत्तर: ‘ओढ’ नको. भात लावणाऱ्या माणसाला ओढ म्हणजे पावसाने दिलेली ओढ, नाहीतर मनाची. मी ‘लटांबर’ सुचवतो. रानटी भातातून रोगप्रतिकाराचे एक जनुक आणायला जावे आणि शेजारच्या जनुकांमुळे दाणे झडणे, लांब कुसळे, लाल तांदूळ हेही पाठोपाठ घरात शिरावे. नेमके हेच लटांबर.

दुसरे उत्तर: शब्द आवडला, पण त्याची हद्द आखून घ्या. दर बॅकक्रॉसला, म्हणजे संकरित झाडाचा मूळ वाणाशी पुन्हा संकर केला की, रानटी वाटा निम्मा होतो: 25, 12.5, 6.25 टक्के. ही सगळ्या गुणसूत्रांची सरासरी झाली. हव्या जनुकाभोवती ती चालत नाही, कारण प्रत्येक पिढीत ते जनुक असलेलेच झाड आपण ठेवतो, आणि लगतचा तुकडा त्याच्यासोबत टिकतो. तेवढ्या तुकड्यालाच लटांबर म्हणा. इतर गुणसूत्रांवर राहिलेला भाग हा नुसता ‘रानटी अवशेष’. तो पुढच्या बॅकक्रॉसमध्ये आपोआप घटतो.

पहिले उत्तर, पुन्हा: मान्य. मग क्रियापद ‘तोडणे’ घ्यावे. जनुकाच्या दोन्ही बाजूंना मार्कर, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणा, धरतात. एका बाजूला 1 सेंटिमॉर्गनच्या (गुणसूत्रावरचे अंतर मोजायचे एकक) आत तुटलेले झाड, जनुक असलेल्या शंभरात साधारण एक. ते हाती लागण्याची 95 टक्के खात्री हवी तर जनुक असलेली सुमारे 300 रोपे तपासावी लागतात. दोन्ही बाजू एकाच पिढीत तुटणे दहा हजारांत एक. म्हणून या पिढीत एक बाजू तोडावी, पुढच्या पिढीत दुसरी. आणि इथेच हिशेब फसतो: रानटी तुकड्यात गुणसूत्रांची अदलाबदल अनेकदा कमी होते, त्यामुळे लागवडीच्या भातावरून काढलेला 300चा आकडा तोकडा पडतो.

तिसरे उत्तर: ‘रानटी भात’च्या जागी सरसकट ‘नीवार’ लिहू नये. ओरायझा निवारा ही एक वेगळी, वर्षायू जात आहे. उत्तर प्रदेशातल्या तिच्या एका नमुन्यातून भात खुजा करणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूचा प्रतिकार मिळाला आणि तो 1976 च्या आयआर 36 वाणात आहे. हा विषाणू तपकिरी तुडतुडे पसरवतात. तिची गुणसूत्रे लागवडीच्या भाताशी जुळतात, म्हणून साधा संकर चालतो. ओरायझा ऑफिसिनॅलिससारख्या लांबच्या जातीत मात्र कोवळा भ्रूण काढून काचेत वाढवावा लागतो. तिथे लटांबराचा प्रश्न येण्याआधी भ्रूण जगवण्याचा येतो.