गरवायला का जाता? अनुभव सांगा

देवगडहून, सुरुवात

मे महिन्यात माळा आवरताना आजोबांची गरी हाती लागली. वीतभर बांबूचं कांडं, त्यावर गुंडाळलेला जाड तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, चिंचोक्याएवढं शिसं आणि गंजून लाल झालेला गळ. तंगूस इतका ठिसूळ झालेला की ओढल्याबरोबर तुटला. आमच्याकडे गळालाच गरी म्हणतात आणि त्यावरून गरवणे. या क्रियापदावर माझा जीव आहे. मासेमारी म्हटलं की जाळी, होड्या, बर्फ, लिलाव आठवतो. गरवणं म्हणजे एक माणूस, एक दोरा आणि समोर पाणी.

आजोबांकडे काठी नव्हती. तंगूस तर्जनीच्या पेरावरून सोडायचे आणि बोटानेच ओळखायचे. शेंगाळा धरून सरळ ओढत नेतो, पालू आधी दोनदा ठोकतो, खेकडा नुसता जड होतो, असं मला सांगायचे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पेरावर तंगूस ठेवून तासन् तास बसायचो आणि प्रत्येक लाट मला मासाच वाटायची.

मासे तर दारात पाटीवर येतात, बंदरावर ढिगाने मिळतात. तरी माणसं कातळावर उन्हात बसतात. तुम्ही का बसता, आणि काय घेऊन बसता? सविस्तर लिहा.

रत्नागिरीहून

भाट्याच्या खाडीवर सहा वर्षं जातोय. आधी सामानाचं सांगतो, कारण त्यात मी बरेच पैसे वाया घालवले.

पहिला रॉड सात फुटी, सोबत ३००० नंबरचं स्पिनिंग रील आणि रीलवर आधीच भरलेली स्वस्त नायलॉनची लाइन. पहिली मोठी तांबोशी लागली आणि चार सेकंदांत गेली. तांबोशी लागल्या लागल्या खडकातल्या बिळाकडे धावते. त्या धावेत तिला वळवता आलं नाही तर लाइन कालवांच्या धारेवर घासते आणि संपलं. आता २० पौंडांचा ताण झेलणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन वापरतो. ती ताणत नाही, त्यामुळे माशाने नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं. पण खडकाला लागली की ही ब्रेड सुतासारखी कापली जाते. म्हणून पुढे, गळाच्या बाजूला, दीड वाव (साधारण नऊ फूट) ४० पौंडांचा फ्लोरोकार्बनचा जाड दोरा, म्हणजे लीडर.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीलने लाइन सोडावी ती पकड, अंदाजाने आवळू नका. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवायचा. २० पौंड म्हणजे साधारण नऊ किलो, तेव्हा स्प्रिंगकाटा लावून ओढा आणि सव्वादोन ते तीन किलोला रील सुटू लागेल असा लावा. घरी आल्यावर रीलवर गोड्या पाण्याचा हलका शिपका मारायचा आणि ड्रॅग सैल करून ठेवायचा. जोराच्या धारेखाली धरलं तर मीठ उलट आत जातं. माझं एक रील असंच गेलं.

आता का जातो ते. सहा वर्षांपूर्वी समुद्र मला एकच एक निळा दिसायचा. आज पुलावर उभा राहिलो की खाडीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं स्वच्छ पाणी जिथे भेटतं ती रेघ दिसते. ओहोटीला ती बाहेर सरकते, भरतीला आत येते. तिच्या कडेला बारीक मासळी चमकते आणि तिच्या खाली मोठा मासा असतो. गळ हातात नसता तर ती रेघ मला आयुष्यात दिसली नसती.

आचऱ्याहून

इथे सगळे पुरुषच लिहिणार म्हणून मी लिहिते. मला गरवायला माझ्या आत्येने शिकवलं. दुपारची भांडी आवरली की ती खाडीवर जायची, मी मागोमाग. हातात कळकाची काठी, काठीएवढाच तंगूस, जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा तरंगायला आणि नखाएवढा गळ. काळुंदराचं तोंड बारीक असतं. मोठा गळ लावला तर तो आमिष कुरतडून खातो आणि गळाला लागतच नाही. आमिष म्हणजे कणकेची गोळी नाहीतर गांडूळ.

मी हलले की ती म्हणायची, "गप रव गो. सावली पाण्यात पडता तुजी." तेवढंच. बाकी दोन तास शब्द नाही. घरात सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई पाण्यापाशी मात्र सांगणारी व्हायची.

एक गोष्ट तिने कधी केली नाही. काळुंदराची जोडी एका जागी घिरट्या घालत असेल आणि त्यांच्यामध्ये पिल्लांचा धुरकट पुंजका दिसत असेल, तर ती तिथे गळ टाकायची नाही. नर-मादी दोघंही अंडी आणि पिल्लं राखतात. त्यातला एक उचलला की बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्याच दगडावर बसून तिने ते पाहिलं होतं.

आता मी माझ्या मुलीला नेते. काठी त्याच जातीची. रीलवाल्यांबद्दल राग नाही, पण काळुंदराला रील लागत नाही.

पेणहून

आमच्या खारेपाटात गळाचा राजा जिताडा. तुमच्या सिंधुदुर्गात त्यालाच चोणक म्हणतात. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध आणि आतलं पाणी बाहेर जायला उघाडी. ओहोटी लागली की उघाडीतून पाणी वाहू लागतं, त्याबरोबर कोलंबी आणि बारके बोय बाहेर येतात, आणि जिताडा तोंडाशी उभा असतो. तो चावत नाही. तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. शांत रात्री तो 'भप्प' आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. या आवाजासाठीच मी जातो, खरं सांगतो. मासा मिळणं ही पुढची गोष्ट.

सामान: आठ फुटी रॉड, ४००० नंबरचं रील, जाड लीडर. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, बारीक लीडर सहज कापला जातो. जिवंत बोय गळाला लावला तर उत्तम. रबरी मासाही चालतो, पण तो सावकाश खेळवायला हवा.

जिताड्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. तो आधी नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या मोठ्या माशाबरोबर आपण फोटो काढतो ती बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी. पावसाच्या तोंडाला खाडीच्या मुखाशी तिची अंडी पडतात. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान मासा धरायचा नाही. ते योग्यच आहे. पण जिताड्याच्या बाबतीत फार मोठा मासाही सोडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. गेल्या चार वर्षांत पाच किलोच्या वरचे तीन सोडले. पक्कडीने गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच दाबून ठेवतो, म्हणजे गळ पटकन निघतो. हात ओले करायचे, मासा वाळूत टाकायचा नाही, प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरायचा. शेपटीला जोर आला की तोच हातातून निघून जातो.

दाभोळहून

शेंगाळ्याबद्दल लिहितो, नवीन लोकांनी वाचावं. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे, करवतीसारखे, विषारी. अंधारात गळ काढताना अंगठ्याच्या मुळाशी घुसला. दहा मिनिटांत कळ खांद्यापर्यंत. जेटीवरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने मला चहाच्या टपरीवर नेलं आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसवलं. तासाभरात कळ बरीच उतरली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हे विष उष्णतेने निकामी होतं. मात्र पाणी किती गरम ते दुसऱ्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. आणि डॉक्टरांकडे जाच, काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते.

तेव्हापासून लांब चिमटा आणि टॉर्च पिशवीत असतेच. गळ गिळला असेल तर तंगूस कापून मासा सोडतो.

त्याच शेंगाळ्याने मला आणखी एक दाखवलं. पावसाळ्याच्या आधी एक लागला, तोंड उघडलं तर आत गोट्यांएवढी पिवळसर अंडी. शेंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून राखतो आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहतो. मी बराच वेळ तो मासा हातात धरून उभा होतो. मग सोडला.

मालवणहून

मी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, घरातला. दोन गोष्टी तळमळीने सांगतो. खडकात अडकलेला तंगूस तुम्ही तोडून जाता तेव्हा गळ तिथेच राहतो. तो आमच्या रापणीत येतो, जाळं फाटतं, ओढणाऱ्याच्या हातापायात घुसतो. माझ्या भावाच्या तळपायातून असा गळ कापून काढावा लागला. अडकलेला जेवढा निघेल तेवढा काढा, आणि गुंता झालेला तंगूस घरी न्या.

दुसरं, आमचं पोट मासळीवर आहे तरी आम्हीही गरवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्यांना बंदी, आणि आमचीही होडी वर ओढून झापांखाली. पंधरा दिवस झाले की हात स्वस्थ राहत नाहीत. मग छत्री घेऊन कर्लीच्या खाडीत. जाळ्यात मासा येतो तो ढिगाने येतो. गरीला आलेला एकेक आठवतो. माझ्या वडिलांना त्यांची पस्तीस वर्षांपूर्वीची तांबोशी आठवते, कुठल्या दगडावरून लागली त्यासकट.

वेंगुर्ल्याचा, सध्या मुंबईत

गणपतीला पाच दिवस जातो, त्यातली एक संध्याकाळ बाबांबरोबर जेटीवर. यंदा काहीच लागलं नाही. पण आईच्या ऑपरेशनबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल बाबा जे बोलले ते घरात समोरासमोर बसून कधी बोलले नसते. दोघांची नजर तंगुसावर असली की बोलणं सोपं होतं.

आंजर्ल्याहून

निवृत्त शिक्षक आहे. नातवाला पाढ्यातली पाऊणकी मी गरवताना शिकवली. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी प्रतिपदेपासून. हे गणित मुंबईच्या बाजूला चांगलं जुळतं. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, तेवढं वजा धरावं.

उधाणाला पाणी इतकं जोरात धावतं की शिसं जागेवर ठरत नाही. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ते फार मंद. मला पंचमी-षष्ठी आवडते, भरतीचे शेवटचे दोन तास. मुडदुशी तेव्हा वाळूच्या उथळ पाण्यात अगदी जवळ येते. बारीक तंगूस, बारीक गळ, सोललेल्या कोलंबीचा तुकडा, एवढं पुरतं.

पावसात मात्र कातळावर जाऊ नका. शेवाळावर पाय ठरत नाही, आणि सात लाटा लहान आल्या म्हणून आठवी लहान येत नाही.

देवगडहून, पुन्हा

सगळं दोनदा वाचलं. आचऱ्याच्या आत्येंचं आणि मालवणचं वाचून आईलाही वाचून दाखवलं.

काल षष्ठी होती. आजोबांच्या कांड्यावर नवा तंगूस गुंडाळला, शिसं त्यांचंच लावलं आणि साडेतीनला खडकावर जाऊन बसलो. काठी नेली नाही. सव्वाचारच्या सुमारास पेरावर दोनदा ठोकलं. इतक्या वर्षांनी बोटाने ते लगेच ओळखलं. ओढलं तर गळ मोकळा, कोलंबी गेलेली. पुन्हा लावली. अर्ध्या तासाने तंगूस नुसता जड झाला, ना ठोका ना ओढ. वर काढला तर खेकडा, डेंग्यात कोलंबी घट्ट धरून.

गळ एक नंबरचा होता. पालूला तो मोठा पडतो का, ते रत्नागिरीकरांनी सांगावं.